हे कोणतं प्रवाळ गं?

"हे कोणतं गं?" काटेवाल्यांनी फोन टाकीच्या काचेला जवळजवळ चिकटवला. "हे जांभळ्या सतरंजीवर हिरवं गवत उगवल्यासारखं दिसतंय ते."

"बाबा, मागच्या रविवारी हेच विचारलं होतंत," फोनच्या पडद्यावरून लेक म्हणाली. "स्टार पॉलिप."

"हां, हां. विसरलो बघ."

विसरले-बिसरले काही नव्हते. चाळीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करत फिरलेला माणूस. कुठल्या दुकानातल्या काट्याची स्प्रिंग ढिली होती, हे निवृत्तीनंतरही त्यांना तोंडपाठ होतं. खाऱ्या पाण्याच्या एका टाकीतली नावं त्यांना काय जड? काटे तपासायचं भिंग डोळ्याला लावून ते प्रवाळाच्या इवल्या तोंडाभोवतीच्या पाकळ्या मोजत. बरोबर आठ भरल्या आणि प्रत्येकीला पिसासारखी झालर असली, की ते अस्सल मऊ प्रवाळ. जास्त भरल्या, की नुसतं दिसायला तसं. ही खूण लेकीनेच शिकवली होती, नोकरीसाठी दूर जाताना टाकी त्यांच्या गळ्यात घालून.

तरीही दर रविवारी सकाळी ते वेड पांघरून पेडगावला जात. त्याला कारण होतं. मायलेकी फोनवर तासतासभर बोलत. कशावर, ते देव जाणे. मग फोन त्यांच्याकडे येई. "बरी आहेस ना?" "हो. तुम्ही?" "बरा आहे." संपलं. फोन पुन्हा आईकडे. लेकीवर जीव होता, पण जिभेवर काही येत नसे. आणि तीही बापाच्याच वळणावर गेलेली. एकदा मात्र त्यांनी सहज एका प्रवाळाचं नाव विचारलं आणि लेक वीस मिनिटं बोलत राहिली. ते वाढतं कसं, रंग का बदलतं, शेजाऱ्याला डंख कसा मारतं. काटेवाले नुसते हं, हं करत बसले. तो रविवार त्यांना दिवसभर पुरला.

हल्ली वीस मिनिटांची पाच झाली होती. परवा तर ती म्हणाली, "फोटो पाठवत जा ना बाबा, मी नाव लिहून पाठवते." काटेवाल्यांनी अजून एकही फोटो पाठवला नव्हता.

"आणि हे बघ," त्यांनी घाईने फोन सरकवला. मोठ्या छत्रीसारखं एक प्रवाळ अंग चोरून बसलं होतं. "पाच दिवस झाले, मिटलंय. वर मेणासारखा पापुद्रा धरलाय."

हे लेदर कोरल, आणि ते मधूनमधून अशी कात टाकतं, हे त्यांना ठाऊक होतं. लेकीच्या तोंडून ते पुन्हा ऐकायचं होतं, एवढंच. पण लेकीचं अर्धं लक्ष दुसऱ्याच कुठल्या पडद्यावर होतं.

"मेलं असेल. आजच काढून टाका, नाहीतर सडून सगळं पाणी नासेल."

"नीट बघ तरी."

"बाबा, मला निघायचंय. काढा ते."

फोन बंद झाला. काटेवाले टाकीसमोर तसेच बसून राहिले. टाकीत आलेलं हे पहिलं प्रवाळ. लेकीने ते पाण्याच्या पिशवीतून, थंडी लागू नये म्हणून कोटाच्या आत छातीशी धरून आणलं होतं. आता तीच ते विसरली, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"काढताय का?" बायकोने विचारलं.

"जिवंत आहे ते."

"मग तसं सांगायचं ना तिला."

"सांगितलं, तर मला सगळं कळतं हे कळेल. मग कशाला फोनवर थांबेल ती?"

"अहो, तुमचीच पोर आहे ती," बायको म्हणाली. "तिलाही काय बोलावं सुचत नसेल."

काटेवाल्यांनी बाही वर केली, टाकीतल्या पंपाचं तोंड त्या प्रवाळाकडे वळवलं आणि पाण्याचा झोत त्याच्यावर सोडला. गुरुवारी पापुद्रा सुटून वाहून गेला. शनिवारी छत्री उघडली, आधीपेक्षा टवटवीत.

रविवारी लेकीने आधी तेच विचारलं. "काढलंत ना?"

हो म्हणून फोन दुसरीकडे फिरवला असता, तर निभावून गेलं असतं. काटेवाल्यांनी फोन छत्रीसमोर धरला.

लेकीने उघडलेली छत्री पाहिली. मग म्हणाली, "कात टाकत होतं."

"हो. पंप जरा तिकडे वळवला."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तूच. पहिल्याच वर्षी." त्यांनी फोन स्वतःकडे वळवला. "मला सगळ्यांची नावं येतात गं. दोन वर्षं झाली."

"मग दर वेळी विचारत का होतात?"

"दुसरं काय विचारणार तुला? एवढं विचारलं, की तू बोलायचीस."

स्वयंपाकघरात बायकोने नळ बंद केला. पलीकडे लेकीने समोरचं काहीतरी मिटून बाजूला ठेवलं. तिचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"मी विसरले होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला टाकून द्या म्हणाले." मग तिने विचारलं, "आज तुम्ही सांगाल? डावीकडून. एकेक."

"तुला निघायचं असेल."

"नाही."

काटेवाल्यांनी डावीकडून सुरुवात केली. नाव, मग पाकळ्या, मग ते मागच्या वर्षी केवढं होतं आणि आता केवढं झालंय. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाशी बोलले नसतील एवढं ते त्या सकाळी बोलले. मध्येच लेक काही विचारी, मध्येच हसे. उजवा कोपरा जवळ येऊ लागला तसे ते एकेका प्रवाळाशी जास्त रेंगाळू लागले. शेवटी अकरा जाती सांगून झाल्या. बारावी टाकीत नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आणि त्याच्या पलीकडे?" लेकीने विचारलं.

पलीकडे नुसता दगड होता. काटेवाल्यांनी फोन त्या दगडासमोर धरला, घसा खाकरला आणि म्हणाले, "हे जरा वेगळं आहे. निवांत सांगावं लागेल."

"सांगा," लेक म्हणाली.