मांगं काही नाही

इतवारीच्या भांडे बाजारात चंपतरावांच्या दुकानाला मान होता. पुढे पितळी भांड्यांचं दुकान, त्याला लागून गाद्या-तक्क्यांची बैठक, वर माडी. बैठकीच्या दारावरचा पडदा ओलांडला की मागे माजघर, रांधायची खोली, न्हाणी आणि परसदार. पडद्याच्या पुढे चंपतराव राज्य करायचे आणि पडद्याच्या मागे त्यांची बायको रंभाबाई आणि धाकटी जाऊ देवकी पहाटेपासून राबायच्या. अशी घरं तेव्हा गल्लोगल्ली होती, म्हणून कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

जॉर्ज बादशहाच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून शहरात रोषणाई झाली, त्याच वर्षीची ही दिवाळी. अनारसे तळता तळता कढईतलं तूप भडकलं आणि ज्वाळा थेट छपराच्या वाशांना भिडल्या. देवकीनं ओलं पोतं कढईवर टाकलं. रंभाबाई रांजणातलं पाणी घागरीनं वर फेकत राहिल्या. आग विझली, पण वाशांचा कोळसा झाला आणि रंभाबाईंचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चंपतराव पडद्यातून डोकावले आणि म्हणाले, "दुकानाकडे तं नाही ना आली?" आली नव्हती. ते परत गादीवर जाऊन बसले.

रंभाबाईंनी तेही गिळलं. हाताला खोबरेल लावताना त्या जावेला म्हणाल्या, "जाऊ दे वं. आपलं घर विम्यात आहे. वासे नवे होऊन जातीन." वर्षानुवर्षं नवऱ्याच्या तोंडून त्या हेच ऐकत आल्या होत्या.

दिवाळी सरली आणि विमा पुन्हा करायची वेळ आली. एजंट शरच्चंद्र शहराच्या महाल भागातून सायकलवर आले. दरवर्षी चंपतराव "राहू द्या जी" म्हणत न वाचताच सही करायचे. यंदा दुकानात माल वाढला होता, म्हणून त्यांनी इंग्रजी कागद सगळा मराठीत वाचून दाखवायला सांगितला. रंभाबाई चहा घेऊन पडद्याआड थबकल्या. आपले वासे कधी येतात ते त्यांना ऐकायचं होतं.

दुकान आलं. पितळ आलं, तांबं आलं. बैठक आली, बैठकीतलं घड्याळ आलं, आरसासुद्धा आला. माडी आणि जिना आला. दुकानावरचा रंगीत बोर्ड आला. मग शरच्चंद्रांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "एवढंच."

रंभाबाई पडदा सारून बाहेर आल्या. "भाऊ, रांधायची खोली वाचाची राहिली तुमची."

शरच्चंद्र अवघडले. सरळ माणूस, खोटं बोलायची सवय नाही. "वहिनी, मागचा भाग यात नाहीच. पहिल्या वर्षी मी विचारलं होतं. मागे काय आहे ते बघून लिहू का, म्हटलं. तर चंपतरावजी म्हणाले, मांगं काही नाही जी."

रंभाबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मागे काही नाही! लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून ज्या चुलीपुढे त्या बसल्या, ती काही नाही. जिथे दोन्ही पोरं जन्मली ते माजघर काही नाही. धान्याच्या कोठ्या, लोणच्याच्या बरण्या, माहेरची पेटी, रात्री पाठ टेकायची ती वीतभर जागा, सगळं काही नाही. साऱ्या घरात आग रोज कुठे पेटते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि विमा कशाचा, तर आरशाचा!

"काहून म्हटलं तुमी असं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"व्यवहारात असंच बोलतात वं," चंपतराव हसून म्हणाले. "परक्या माणसाले चुलीपाशी नेऊ काय? अन् हप्ता वाढते तो वेगळा. जाय आंत. चहा थंडा होऊन राहिला."

"बोर्ड जळला तं कंपनी भरून देते," रंभाबाई म्हणाल्या. "अन् मी अन् देवकी जळलो तं मांगं काही नव्हतंच. असंच ना?"

चंपतरावांनी तिकडे पाठ फिरवली. एजंटाला म्हणाले, "वाढलेला माल त्यात लिहून उद्या कागद आणा जी."

दुसऱ्या दिवशी चंपतराव देवळातून आले तर बैठक धुरानं भरलेली. गाद्या गुंडाळून एका अंगाला, आणि मधोमध, घड्याळाच्या बरोबर खाली, उन्हाळ्यात अंगणात मांडायची मातीची सुटी चूल. तिच्यापुढे भाजल्या हाताला फडकं बांधून रंभाबाई. देवकी वांगी चिरत होती. फोडणीत लाल मिरच्या पडल्या आणि दुकानातली गिऱ्हाइकं खोकत रस्त्यावर पळाली. कामठीचा एक जुना व्यापारी उपरण्यानं नाक दाबून पायरीवर उभा होता.

"अवं, डोकं फिरलं काय तुहं?" चंपतराव ओरडले.

"ज्या घराचा विमा आहे त्या घरात रांधून राहिली," रंभाबाई म्हणाल्या. "मांगं तं काही नाही ना. मंग तिथं कशी रांधू?"

तेवढ्यात शरच्चंद्र आले आणि चूल पाहून त्यांचे डोळे पांढरे झाले. "चंपतरावजी, बैठकीत चूल? कंपनीला कळलं तर विमा रद्द होईल. दुकानाचासुद्धा!"

"हिले उचलाले सांगा जी!"

"उचलते ना," रंभाबाई म्हणाल्या. "भाऊ, तुमच्या कागदात चुलीची जागा दाखवा. तिथं नेऊन ठेवते."

शरच्चंद्रांनी एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग जोडे काढले, टेप काढला आणि पडद्यापाशी जाऊन उभे राहिले. "मी मोजून घेतो. पण कागदावर मालकाचं म्हणणं लागतं. चंपतरावजी, तुम्ही सांगा. मागे काय आहे?"

चंपतराव खोकले. रस्त्यावर गिऱ्हाइकं जमली होती आणि सगळ्यांचे कान इकडेच होते. रंभाबाईंनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं. नवऱ्याच्या तोंडाकडे त्या अशा बघत होत्या की चंपतरावांना दुसरीकडे बघवेना.

"लिहा जी," चंपतराव शेवटी खालमानेनं म्हणाले. "मांगं घर आहे."

शरच्चंद्रांनी लिहिलं. लिहून होईपर्यंत रंभाबाई हलल्या नाहीत. मग त्यांनी डाव्या हातानं सांडशी घेतली, भाजीचं भांडं उतरवलं आणि जावेला म्हणाल्या, "चाल वं देवकी, घरात."