सदतीस भिंतींवर घरचा नंबर

माझ्या धाकट्या भावाला सगळे ओळंबा म्हणतात. भिंत सरळ उठतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. भावाचा हात इतका सरळ, की गवंडी आपलं वजन घरी विसरले तर याने रंगवलेल्या पाटीशेजारी भिंत उभी करून घ्यायचे. एकदा एका दुकानाची इमारत जराशी कलली होती. याने तिच्यावर नाव लिहिलं आणि इमारत लाजून सरळ झाली. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून सरळ आहे.

पाट्या आणि भिंती रंगवणं हा त्याचा धंदा, शिडी धरणं हा माझा. चाळीस वर्षं मी खालून त्याच्या चपलांचे तळवे बघतोय.

आता पुढचं मीठमसाला न लावता सांगतो. तो हात सकाळी सरळ नसतो. सकाळी त्याच्या हातातली कपबशी थंडीत दात वाजावेत तशी वाजते. पहिला ग्लास पोटात गेला की बोटं थांबतात, दुसऱ्याला ओळ सरळ येते. तिसऱ्यानंतर माणूस उरत नाही. पण तोवर पाटी झालेली असते.

गेल्या वर्षी डॉक्टरांनी त्याच्या यकृताचा फोटो उजेडात धरला. "असंच चाललं तर दोन वर्षं," ते म्हणाले. भावाने फोटो निरखला. म्हणाला, "कडा स्वच्छ नाही आल्या." आम्ही दोघं हसलो. भावजय हसली नाही. तिने विचारलं, "मग करायचं काय?"

"दारू एकदम तोडू नका, जिवावर बेतेल. कुणाच्या तरी देखरेखीखाली सोडवायला हवी. अशा लोकांसाठी फोन नंबर असतो म्हणे, कुठे जायचं ते तिथे सांगतात."

"कुठला नंबर?"

डॉक्टरांनी खिसे चाचपले, टेबलाचा खण उघडला, मिटला. "असतो," म्हणाले.

त्या दिवसापासून भावजय तो नंबर शोधायला लागली. औषधाच्या दुकानात विचारलं, तर दुकानदाराने खोकल्याचं औषध दिलं. चौकीत विचारलं, तर हवालदार म्हणाला, "बाई, मारतो का? नाही ना? मग नशीब समजा." आणि नेमकं तेव्हाच आरोग्य कचेरीचं काम आमच्याकडे आलं. सदतीस भिंती. मजकूर असा: 'दारू सुटत नाही? मन कशात लागत नाही? तुम्ही एकटे नाही. फोन करा.' आणि खाली नंबर.

"बघा भाऊजी," भावजय मला म्हणाली, "मी वणवण फिरतेय आणि नंबर घरी चालत येतोय!"

नंबर मात्र आला नाही. कारकून म्हणाला, "वरून यायचाय. तुम्ही सुरू करा."

आता आमच्या धंद्याची एक खोड सांगतो. नंबर हातात नसला, तरी त्याची जागा धरावी लागते. नाहीतर मागून आकडे मावत नाहीत. म्हणून खडूने कुठलातरी नंबर लिहून ठेवायचा आणि खरा आला की पुसायचा. भाऊ नेहमी घरचा लिहायचा. हात न विचारता तोच लिहायचा. पण त्या दिवशी तिसरा ग्लास लवकर झाला होता. खडूवरून त्याने लाल रंग चढवला. मग पहिल्या भिंतीवरून कागदावर खाका उतरवला, आणि तोच खाका उरलेल्या छत्तीस भिंतींवर. मी खाली उभा होतो. चाळीस वर्षं अर्धवट भिंतींवर तोच नंबर पाहिलेला. डोळ्याला तो नंबर वाटतच नव्हता, रिकामी जागा वाटत होती.

कारकून तपासायला आला. त्याने बोटाने आकडे मोजले. "भरले बरोबर," म्हणाला आणि सही केली.

आमचा फोन तोवर इतका मुका, की पालीने त्याच्यामागे दोन पिढ्या वाढवल्या होत्या. तो वाजला तेव्हा पाल आधी दचकली.

"राँग नंबर," भावजय म्हणाली.

पलीकडची बाई म्हणाली, "भिंतीवर हाच आहे हो. ठेवू नका. मुलगा आत कडी लावून बसलाय. तीन दिवस झाले, जेवला नाही."

ठेवायला निघालेला फोन भावजयीने पुन्हा कानाला लावला. मग म्हणाली, "दाराला कान लावा. ऐकू येतं का काही?"

"येतं. कूस बदलतोय."

"मग दारातच बसा. बोलत राहा. भांडा हवं तर."

फोन ठेवून ती चौकातल्या भिंतीपर्यंत गेली, बघून आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. "हा आपला नंबर आहे."

तो भिंतीला टेकून बसला होता. "जागा धरली होती," म्हणाला.

मी आणि ती कचेरीत गेलो. कारकून खूश होता. "तक्रार एकही नाही! सेवा उत्तम चाललीय, वर तसं कळवलंय."

"अहो, ती सेवा म्हणजे मी," भावजय म्हणाली. "कपडे वाळत घालता घालता. खरा नंबर कुठाय?"

"वरून यायचाय."

"मग माझ्या नवऱ्यासाठी मी कुठे फोन करू?"

कारकुनाचा चेहरा मऊ झाला. माणूस वाईट नव्हता. त्याने फाइल उघडली, बघून बघून चिठ्ठीवर नंबर उतरवला, खाली दोन रेघा मारल्या आणि दिला. आमचाच.

मी चुन्याची बादली उचलली. "सदतीसच्या सदतीस पुसून येतो."

"पुसू नका, भाऊजी. कालची बाई अर्धा तास नुसती रडली. भिंत पांढरी केलीत तर ती कुणाला फोन करेल?"

मग ती रोजच बसायला लागली. स्वयंपाकघरातलं स्टूल फोनपाशी गेलं. रडणारे, शिव्या देणारे, नुसता श्वास घेणारे. ती सगळ्यांना शेवटी एकच विचारायची: "तुम्हाला कुठे खरा नंबर सापडला तर मला कळवाल का?" कळवलं कुणीच नाही. भाऊ पलीकडच्या खोलीत पडून ऐकायचा. एकदा मला म्हणाला, "दादा, माझ्याशी ती असं कधी बोलली नाही."

"तू कधी फोन केलास?" मी म्हणालो. मी आपला गंमत करायला गेलो होतो.

त्याने ती मनावर घेतली. दोन दिवसांनी सकाळी कपबशी वाजवत तो तिला म्हणाला, "आज दुपारपर्यंत घेत नाही. नाहीच राहवलं तर फोन करतो. तू बोल. ते लोकांशी बोलतेस तसं."

ती पोळी तव्यावर विसरली. "कर," म्हणाली. "मी इथेच आहे. हलत नाही."

आम्ही सदतीसपैकी बाजारातल्या भिंतीवरची अक्षरं उजळायला गेलो. त्याला शिडीवर चढवलंच नाही. खाली बसून रंग ढवळायचं काम दिलं. मी थापा सुरू केल्या. इमारत लाजल्याची सांगितली, पालीच्या नातवंडांची सांगितली. अकरापर्यंत तो हसला. मग घाम फुटला आणि ढवळायची काठी डब्यावर वाजायला लागली.

"दादा, फोन."

"माझ्याशी बोल की. मी काय मेलोय?"

"तुझ्याशी नाही. तिच्याशी."

समोरच्या किराणा दुकानात फोन होता. आकडे त्याने स्वतः फिरवले. कानाला लावला, ठेवला. "एंगेज."

दुकानदाराने बसायला पोतं दिलं. आम्ही बसलो. पुन्हा लावला. एंगेज. दुकानाच्या दारातून समोरची भिंत दिसत होती: तुम्ही एकटे नाही. अक्षरं काय सरळ! तिसऱ्यांदा लावायच्या आधी त्याने बराच वेळ दम घेतला. तिसऱ्यांदाही तेच.

"चौथ्यांदा लागेल रे," मी म्हणालो.

त्याने रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला, फुटेल असा. मग उठून गल्लीत वळला. ती गल्ली कुठे जाते ते मला ठाऊक होतं. मी हाक मारली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.

संध्याकाळी मी त्याला खांद्यावर घरी आणलं. भावजय स्टुलावरच होती. सकाळपासून हलली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"का नाही केलास?"

"तीनदा केला गं," तो म्हणाला. "एंगेज होता."

तिने फोनकडे पाहिलं. "एक माणूस होता. पुलावर उभा आहे म्हणाला. मी कसा ठेवू?"

"नाही, नाही. बरोबर केलंस."

"उतरला पुलावरून?" मी विचारलं.

"कळलं नाही. मध्येच फोन बंद झाला."

मग फोन वाजला. ती उठली नाही. वाजत राहिला.

"घे ना," भाऊ म्हणाला. "कुणीतरी असेल."

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तो रंगाचा डबा घेऊन निघून गेला होता. शिडी नेली नव्हती, म्हणून मी त्याला शोधत निघालो. चौकातल्या भिंतीवर, नंबरच्या खाली, हात पोचेल एवढ्या उंचीवर नवी ओळ होती: 'एंगेज असेल तर पुन्हा करा.' अक्षरं थरथरलेली, एक वर, एक खाली, रंग ओघळलेला. ओळंब्याची पहिली वाकडी ओळ. बघणारे हसत होते. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. कारण अशी ओळ एक थेंबही न घेतलेला हातच लिहू शकतो.

मग पुढच्या भिंतीकडे गेलो. तिथेही ती ओळ होती, रंग ओलाच. अक्षरं रांगेत उभी. सरळ, सुंदर, ओळंबा सोडावा तशी.