मेव्हिसबाईंच्या मंचापुढची जाळी

जगातली थोर कला टिकली ती माझ्यासारख्यांमुळेच, मित्रांनो. मी एक जुनी, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आहे.

आलाबामात मेव्हिसबाईंच्या परसात मी बारा कोंबड्या राखल्या. मग बाईंनी महामार्गावर बार काढला आणि मला गाणाऱ्यांपुढे ठोकलं. गाणं आवडलं नाही की लोक बाटल्या फेकत. आवडलं तरी फेकत.

डॉयल दिवसा केस कापायचा आणि शनिवारी संध्याकाळी गिटार घेऊन माझ्यामागे उभा राहायचा. इतका गरीब स्वभावाचा, की गिऱ्हाइकाचा कान कापला गेला तर रडायचा तोच. त्याने गाणं रचलं: गावाचा उपद्रव तो मी, शेरिफची गाडी तळ्यात ढकलली ती मी, वखार पेटवली ती मी. लोक बेहद्द खूश झाले.

खरं तर हे सगळे प्रताप गावगुंड रॉइसचे. दाढी करून घेताना त्यानेच फुशारकीने सांगितलेले. वखारीच्या आगीत रखवालदार गेला होता आणि गुन्हेगार सापडला नव्हता.

एका शनिवारी रॉइस पुढच्या टेबलाशी येऊन बसला. त्याने बाटली फेकली नाही. तेव्हाच माझ्या तारा ताठ झाल्या.

गाणं संपल्यावर त्याने बोटं माझ्यात अडकवली.

“काय रे केसकाप्या, वखार कधी पेटवलीस?”

“रॉइसभाऊ, तुझं नाव कुठं घेतलंय? सगळं माझ्याच अंगावर घेतलंय की!”

“तेच म्हणतोय. जाळायचं मी आणि टाळ्या तुला? पुढच्या शनिवारी माझं नाव घाल. नाहीतर तुझं शेवटचं गाणं.”

पुढच्या शनिवारी नेमका शेरिफ दारापाशी उभा. नाव घेतलं तर रॉइस फासावर, नाही घेतलं तर डॉयल मातीत. डॉयल डोळे मिटून गायला, “...ती मी.”

रॉइस खुर्ची पाडून उठला. “खोटारड्या! वखार मी पेटवली, मी!”

शेरिफने शांतपणे टोपी घातली.

जाताना रॉइस माझ्यातून डॉयलकडे बघत एवढंच म्हणाला, “येतो मी.”

त्याला फाशी झाली नाही, तुरुंग झाला. नऊ वर्षं गेली. मी गंजले, पुसलं कुणी नाही. काल तो सुटला.

“डॉयल, या शनिवारी नको रे गाऊस,” बाई म्हणाल्या.

“नाही गायलो तर तो दुकानात येईल, बाई. तिथं जाळीपण नाही.”

त्याचा माझ्यावर केवढा विश्वास! मित्रांनो, मी बाटली अडवते. गोळी माझ्या भोकातून अंगाला न लागता जाते. हे त्याला सांगायला मला तोंड नाही.

तुम्ही शनिवारी येणार असालच, तर एवढं करा. बाटली रिकामी करून फेका. बिअरने मी फार गंजते.