एका ब्रेकची सायकल

'थांब!' मला येतो तो हा एकच शब्द. मी एक जनुक आहे. पेशी दुभागू लागली, वाढू लागली, की योग्य वेळी तिला हा शब्द ऐकवणे हे माझे काम. कर्करोगाच्या गाठींना आवर घालणाऱ्या जनुकांच्या कुळात माझा जन्म. 'चल, पुढे हो' म्हणणाऱ्यांचे गोडवे सारे गातात. 'पुरे' म्हणणाऱ्याचे कौतुक कोणाला? माझी तक्रार नाही. वेळेवर थांबवलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, यातच तिची शोभा आहे.

प्रत्येक पेशीत आम्ही दोघे असतो. एक आईकडून आलेला, दुसरा वडिलांकडून. ज्या मुलीत माझा मुक्काम आहे, तिच्यात मी वडिलांकडून आलो. तिची आई सायकली दुरुस्त करते. घराची पुढची खोली हेच तिचे दुकान: छताला टांगलेली चाके, वंगणाचा वास, भिंतीवर विकायला ठेवलेली हेल्मेटे. त्यांतले एकही या मायलेकींच्या डोक्यावर बसत नसे. मुलीचे आजोळच मोठ्या डोक्यांचे.

"तुमच्या घराण्यात डोकी मोठी. आत काय आहे, ते देव जाणे," वडील म्हणत. त्यांचे स्वतःचे डोके लिंबाएवढे.

"आत जागा ऐसपैस आहे. तुमच्यासारखी भाड्याची खोली नाही," आई पान्हा न थांबवता उत्तर देई.

या थट्टेत एक खूण दडलेली होती, हे कोणाच्या गावीही नव्हते.

आईची पाळी जाऊन काही वर्षे लोटली होती, आणि एके दिवशी तिला पुन्हा रक्तस्राव झाला. साखळी जरा वेगळी वाजली तरी सायकल उलटी करून पाहणारी ती बाई. तिने दुखणे अंगावर काढले नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला, पण अगदी आरंभीचा. शस्त्रक्रिया झाली, आई बरी झाली. मात्र रुग्णालयातल्या जनुकतज्ज्ञ बाई तिच्याशी बोलता बोलता थबकल्या. त्यांनी फीत काढली आणि चक्क तिच्या डोक्याचा घेर मोजला.

"का हो, टोपी शिवणार आहात?" आईने विचारले.

"माहेरी सगळ्यांची डोकी अशीच का? आणि आणखी कोणाला गाठी?"

"डोकी सगळ्यांची. गाठ माझ्या बहिणीला, स्तनात."

मग रक्ताची तपासणी झाली. आईतल्या आमच्या जोडीपैकी एक प्रत जन्मतःच मोडकी होती. डोके मोठे होण्यामागेही तीच. ती मुलीत उतरली असण्याची शक्यता निम्मी होती.

मुलगी रक्त द्यायला तयार होईना. "मला काही होत नाहीये ना? मग कशाला उकरून काढायचं? आणि बाबांकडची प्रत ठणठणीत आहे. एक ब्रेक पुरतो की!"

आईने फिरते चाक हाताने धरले.

"एका ब्रेकची सायकल मी कधी दुकानाबाहेर सोडली आहे का?"

"नाही."

"गिऱ्हाईक काय म्हणतं?"

"'मागचा लागतोय, द्या हो.'"

"मग मी काय म्हणते?"

मुलगी पुटपुटली, "'सपाटीवर चालेल, पण पुढे उतार आहे.'"

"कळलं ना? चल आता. एवढं मोठं डोकं दिलंय, वापर कधीतरी."

निकाल आला. मुलीतला माझा जोडीदार मोडकाच होता. म्हणजे इतकी वर्षे तिच्या पेशीपेशीत मी एकटाच 'थांब, थांब' म्हणत होतो! पुढच्या तपासणीत तिच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत वाटाण्याएवढी गाठ सापडली. तिथल्या पेशींत मीही मोडून पडलो होतो. 'थांब' म्हणणारे कोणी उरलेच नव्हते. गाठ कर्करोगाचीच होती, पण ग्रंथीची वेस तिने अजून ओलांडली नव्हती. डॉक्टरांनी ती वेळेत काढली.

मुलगी घरी परतली, तेव्हा वडील मुद्दाम मागवलेले सर्वांत मोठ्या मापाचे हेल्मेट घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते लेकीच्या डोक्यावर ठेवले. बसले!

"आणि मला?" आई म्हणाली.

"तुझ्या मापाचं कारखान्यात अजून ओततायत," वडील म्हणाले, आणि तिघे पोट धरून हसली.

आता मुलगी स्तन, गर्भाशय, गळा यांची तपासणी ठरल्या वेळी करून घेते. तोच तिचा दुसरा ब्रेक. तुमच्यातही माझे भाईबंद राबत आहेत. कुठे गाठ हाताला लागली, पाळी गेल्यावर रक्त दिसले, घराण्यात तीच दुखणी फिरून फिरून आली, तर त्यांना एकटे सोडू नका. डॉक्टरांकडे जा.

माझे म्हणाल, तर मी मजेत आहे. ते पाहा, दुकानासमोरच्या उतारावरून ती सुसाट निघाली. दारातून आई ओरडते, "अगं, हळू!" आतून मी म्हणतो, 'थांब!' वळण येते, आणि ती दोन्ही ब्रेक दाबते.