ताकदीची बाटली

आमच्या गोडादरा वस्तीत डॉक्टर काय म्हणाला याला फारसं महत्त्व नाही, बाटली लावली की नाही याला आहे. नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवतो तो डॉक्टर बिनकामाचा. सलाइनची बाटली टांगली, तीत पिवळं इंजेक्शन सोडलं, की झाली ताकदीची बाटली. कारखान्यातली पाळी करून थकलेली माणसं आपल्या पायांनी दवाखान्यात जातात, ती लावून घेतात आणि पुन्हा कामावर उभी राहतात.

माझा नवरा हेमराज बमरोलीत कापडाच्या लूमवर काम करतो. माणूस गायीसारखा गरीब, पण एक खोड. सुट्टीच्या दिवशी कधी कधी सकाळी उठायचाच नाही. "पाय जड झालेत" म्हणायचा. ऊन वर आलं की हळूहळू बरा व्हायचा. मला आधी वाटायचं, पाणी भरायला नको म्हणून सोंग आहे. गल्लीला मात्र काही वाटायचं नाही, गल्लीचं ठरलेलंच होतं की हेमराज दारूची पोटली मारतो. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे कोण पितो ते सगळ्यांना पाठ असतं, आणि जो पीत नाही त्याच्यावरच संशय घेतात. शेजारचा लोटू तर स्वतः रोज पिशवीभर रिचवून येतो आणि हेमराजला म्हणतो, "भाऊ, सोडी दे." चोराच्या उलट्या बोंबा!

यंदा आखाजीच्या सणाआधी लूमच्या खात्यात माणसं कमी होती. हेमराजने पाळीला पाळी जोडली, सुताचे जड बीम उचलले आणि सणाच्या संध्याकाळी घरी आला तो भुकेने व्याकूळ होऊन. माझ्या सासूबाईंनी, वत्सलाबाईंनी, खापरावर मांडे केले होते. पुरणाचा मांडा आणि वाटीभर आमरस, पुन्हा मांडा, पुन्हा रस. वाढणारी आई आणि खाणारा लेक, मी कशाला मध्ये पडू? जेवला आणि तिथेच आडवा झाला.

सकाळी त्याने हाक मारली. "चंचल, मना पाय हालत नहीत."

"रस उतरला पायात," मी म्हटलं आणि झाडत राहिले.

"चंचल, खरंच नही हालत."

आवाज वेगळा होता. मी जाऊन त्याचा पाय उचलला आणि सोडला. ओल्या चादरीचा पिळा पडावा तसा पडला. चिमटा काढला तर त्याला कळत होतं, बोलत होता, सगळ्यांना ओळखत होता. फक्त पाय त्याचे राहिले नव्हते.

सासूबाई धावत आल्या. "बाटली लावा त्याले. आते ना आते लावा!"

लोटूने त्याला पाठीवर घेतलं हे मात्र मान्य करायला हवं. रिक्षात घालून नाक्यावरच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरने नाडी बघितली, "वीकनेस" म्हणाला आणि बाटली टांगली. सासूबाई उशाशी बसल्या. थेंब सावकाश पडतायत म्हणून कंपाउंडरला दोनदा बोलल्या. त्याने चाक सैल केलं.

बाटली अर्धी झाली तेव्हा हेमराजला नाकावरची माशी हाकलता येईना. संपत आली तेव्हा मानही उचलेना. शब्द जड झाले. डोळे तेवढे माझ्याकडे लागले होते, आणि त्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगू शकत नाही.

"दुसरी लावा," सासूबाई म्हणाल्या, आणि डॉक्टर उठलासुद्धा.

मी तापट आहे, माहेरी सासरी सगळ्यांचं यावर एकमत आहे. त्या दिवशी तो ताप कामाला आला. "एका बाटलीने हात गेले," मी ओरडले, "आता दुसरीने काय न्यायचंय?" सुई काढायला लावली. सासूबाई मला म्हणाल्या, "मना आंडोरना जीव लेशी तू." लेकाचा जीव घेणारी म्हणवून घेतलं आणि त्याला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टर वैशाली होत्या. अमरावतीकडच्या, मराठी बोलणाऱ्या, वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी आधी छातीवर तारा लावून हृदयाची पट्टी काढली, रक्त तपासायला पाठवलं आणि मग मला विचारलं, "काल काम फार केलं? रात्री काय खाल्लं?" मांडे आणि आमरस म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, जणू मी आजाराचंच नाव सांगितलं. रक्तातलं पोटॅशियम पार तळाला गेलं होतं. त्यांनी ते पाजायला सुरुवात केली, घोटभर, थांबून थांबून, आणि नजर हृदयाच्या पट्टीवर. औषध इतकं घाण होतं की हेमराजचं तोंड वाकडं झालं. त्याचं तोंड वाकडं झालेलं बघून मला बरं वाटलं, निदान तोंड तरी हलतंय.

दुपार कलता कलता त्याचा अंगठा हलला. मग मूठ वळली. "पाणी दे," तो म्हणाला, आणि मी तिथेच खाटेच्या दांडीला धरून रडले. त्याच्याशिवाय मी काय करणार होते ते माझं मला माहीत.

संध्याकाळी डॉक्टरबाई येऊन बसल्या. मी विचारलं, "एवढं ताकदीचं खाऊन ताकद गेली कुठे?"

त्यांनी नीट समजावलं. स्नायूच्या प्रत्येक पेशीला पातळ पडदा असतो, पडद्यात बारीक दारं असतात. त्या दारांतून क्षार ये-जा करतात, आणि क्षारांच्या अंगावर विजेचा भार असतो. सोडियमचं दार वेगळं, पोटॅशियमचं वेगळं, कोणी कोणाच्या दारातून जात नाही. मेंदूचा निरोप आला की दारं क्षणभर उघडतात, भार पालटतो, स्नायू आखडतो. एवढ्यावर आपण चालतो. हेमराजच्या एका दाराला जन्मापासून बारीक फट आहे. एरवी तिचा त्रास नाही. पण गोड खाल्लं की शरीर साखर पेशीत ढकलतं, तिच्याबरोबर रक्तातलं पोटॅशियमही आत जातं. बाहेर पोटॅशियम कमी पडलं की त्या फटीतून नको तो भार गळत राहतो आणि दारं अडकून बसतात. निरोप येतो, स्नायू ऐकत नाही.

"म्हणजे पोटॅशियम हरवलं नव्हतं?"

"नाही. घरातच होतं, आतल्या खोलीत."

"आणि ती बाटली?"

"ग्लुकोजची होती. साखरच ती. दुसऱ्या कोणाला तारते, याला आणखी बुडवत होती."

मी सासूबाईंकडे बघितलं नाही. सूनपणाची तेवढी जाण मला आहे.

"हे घराण्यातून येतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजी, याच्या वडिलांना असं कधी झालं होतं?"

सासूबाई पदराशी चाळा करत बोलल्या. "व्हयनं व्हतं ना, बाई. भाऊना लगीनमा राबनात, रातले पोटभर जेवनात. सकाळले उठनातच नही."

"मग काय केलंत?"

"बाटली लाई. गावमा टांगाले काही नव्हतं. मीच हात वर करीसन धरी व्हती. संपनी तवलोंग ते गयात."

डॉक्टरबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तेव्हा कोणाला ठाऊक असणार, आजी," म्हणाल्या आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

हेमराज झोपला होता. मी सासूबाईंच्या शेजारी सरकले. खोटं बोलायचं तर ठासून बोलावं. "आत्या, सगळ्या बाटल्या साखरेच्या नसतात. मिठाच्या पाण्याचीही असते. मामंजींना तीच लावली असेल."

त्यांनी मान हलवली.

"नही माय. सुई लाई तवय थोडं पाणी मना हातवर गळनं. मी चाटीसन दखं. गोड व्हतं. मी म्हनं, इतलं गोड शे, आते यासले ताकद येई."