शेजारची मुलगी

वाहिनीच्या कचेरीत त्याला सगळे 'कात्री' म्हणत. खरी कात्री त्याने क्वचितच हातात धरली असेल, पण वीस वर्षं संकलनाच्या टेबलावर बसून चित्रीकरण कापण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. अपंगांच्या स्पर्धा दाखवायच्या असल्या की साहेब ते काम डोळे झाकून त्याच्याकडे देत. त्याचं गणित ठरलेलं. शर्यत पन्नास सेकंदांची असली तर तिचे दहा सेकंद ठेवायचे. उरलेल्या वेळात आईचे डोळे, बापाचे थरथरणारे ओठ, लहानपणीचा एखादा फोटो, आणि खाली व्हायोलिन.

"शर्यत बघायला कोण बसलंय, कात्री?" साहेब म्हणत. "जेवताना लोकांचा घास घशात अडकला पाहिजे."

आणि अडकायचा हो. कार्यक्रम संपायच्या आत ढीगभर निरोप येत. डोळे भरून आले. आम्हाला हातपाय असून आम्ही कुरकुरतो. धन्य ते आईबाप. हात जोडल्याची चित्रं तर शेकड्यांनी. कोण जिंकलं, किती वेळात जिंकलं, हे मात्र वीस वर्षांत एकानेही विचारलं नव्हतं. चार टिपं गाळून फुकटात पुण्य पदरात पडत असेल, तर वेळ विचारतो कोण?

आता याच कात्रीच्या घरी काय चाललं होतं ते ऐका. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

त्याला दोन मुली. थोरली औषधांच्या दुकानात कामाला होती. धाकटीला उजवा पाय जन्मापासून गुडघ्याखाली नव्हता. ती कुबडीवर चाले, आणि एकदा तरणतलावात उतरली की भल्याभल्या मुलींना मागे टाके. घरात तिला कोणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. फक्त पाहुणे आले की ती आतल्या खोलीत जायची आणि दार ओढून घ्यायची. बैठकीच्या भिंतीवर घरच्यांचा फोटो होता, त्यात तिघंच होते. हे काही ठरवून केलं नाही, असं तिची आई सांगे. एकदा झालं, दुसऱ्यांदा झालं, मग अंगवळणी पडलं. अशा गोष्टी कोणी ठरवून करत नाही, म्हणूनच तर त्या मोडत नाहीत.

थोरलीचं लग्न जमत आलं होतं. मुलाकडच्यांना कात्रीने सांगून टाकलं होतं की आम्हाला एकच मुलगी. ती मंडळी रविवारी घरी यायची होती. शुक्रवारी सकाळी चहाच्या वेळी धाकटीने बापासमोर एक कागद ठेवला.

"बाबा, परवा निवड चाचणी आहे. पहिल्या दोघी देशाच्या संघात जातात. मला अठरा पूर्ण नाहीत ना, म्हणून तुमची सही लागते. आजच द्यायचाय कागद."

"तिथे कॅमेरे असतील?"

"असणारच. तुमच्याच वाहिनीचे."

त्याने कप खाली ठेवला. "अगं, परवाच ती मंडळी येतायत. टीव्हीवर तू दिसलीस, त्यांनी आडनाव वाचलं, तर काय तोंड दाखवू? ताईचं एकदा होऊन जाऊ दे. पुढच्या वर्षी डोळे मिटून सही करतो."

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात."

"मग काय, ताईच्या लग्नात बिब्बा घालायचाय का तुला?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

थोरली दारात चपला घालत होती. ती म्हणाली, "बाबा, करा ना सही. मी सांगते त्यांना, मला बहीण आहे म्हणून. त्यात काय लपवायचं?"

"तू यात पडू नकोस. जग तुला ठाऊक नाही, मला आहे."

जग त्याला ठाऊक होतंच. रोज जगाला रडवणारा तोच होता. कागद संध्याकाळपर्यंत टेबलावर तसाच पडून राहिला.

रविवारी मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील आणि आई. आई मोठी हौशी आणि बोलकी. चहा झाल्यावर ती कात्रीला म्हणाली, "आज तुमच्या वाहिनीवर अपंग मुलींचं पोहणं दाखवतायत ना? लावा की. मी एक चुकवत नाही बघा. पाहिलं की मन कसं स्वच्छ होतं."

कात्रीच्या मनात नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? त्याने टीव्ही लावला. काठावर मुली उभ्या होत्या. पाचव्या पट्टीत कोणी नव्हतं. शिट्टी झाली, मुली पाण्यात झेपावल्या, आणि त्या बाईंनी पर्समधून रुमाल काढला. "काय हो जिद्द. अशी लेकरं ज्यांच्या पोटी येतात ना, ती माणसंच वेगळी."

शेवटचे दहा मीटर उरले आणि कॅमेरा पाणी सोडून प्रेक्षकांत रडणाऱ्या एका आईवर गेला. तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. धाकटी कुबडी टेकत बाहेर आली आणि खुर्च्यांच्या मागे उभी राहिली. आतून आवाज ऐकू येत होता, पण चित्र दिसत नव्हतं. तिला आपल्या जागी कोण जिंकलं ते बघायचं होतं.

"किती वेळ लागला पहिलीला?" तिने विचारलं.

कोणालाच माहीत नव्हतं. त्या बाईंनी ओले डोळे वर करून पाहिलं. "ही कोण?"

खरं सांगायला याहून सोपी वेळ कोणत्या बापाला मिळणार होती? समोरच्या बाईच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं. कात्रीने ओठ उघडले.

"शेजाऱ्यांची आहे," तो म्हणाला. "टीव्ही बघायला येते."

धाकटीने बापाकडे पाहिलं. मग ती त्या बाईंना म्हणाली, "हो काकू. शेजारची. जाते मी."

"बिचारी. हिच्या आईबापांना सांगा, हिलाही असं काहीतरी शिकवा म्हणावं."

थोरली उठून उभी राहिली. "काकू, ती माझी पाठची बहीण आहे. तुम्ही येणार म्हणून तिला आत बसवलं होतं. आज त्या पाचव्या पट्टीत ती असायला हवी होती."

मुलाच्या वडिलांनी घसा खाकरला. "हे आधी सांगायला हवं होतं. रक्तातच काही असलं, तर पुढे नातवंडांचा विचार आम्हालाच करावा लागणार." बाईंनी रुमालाची घडी करून पर्समध्ये ठेवली. मुलगा आईबरोबर उठला. तिघंही गेले.

त्याच दुपारी धाकटी पोहणं शिकवणाऱ्या बाईंकडे राहायला गेली. आठवड्याने थोरलीही गेली. दोघींनी मिळून एक खोली घेतली. आई जाऊन रडून आली. कात्री गेला नाही. कोणत्या तोंडाने जाणार होता?

पुढच्या चाचणीच्या वेळी धाकटीला अठरा पूर्ण झाली होती आणि बापाच्या सहीची गरज उरली नव्हती. ती संघात गेली, आणि पहिल्याच मोठ्या स्पर्धेत पहिली आली. तिच्या शर्यतीचं चित्रीकरण फिरत फिरत कात्रीच्याच टेबलावर येऊन पडलं.

"कात्री, पोरगी झकास आहे," साहेब म्हणाले. "पण हिचे आईबाप कुठेच दिसत नाहीत. आईबापांशिवाय कार्यक्रम करायचा कसा?"

"बाप मी आहे," कात्री म्हणाला.

साहेब बघतच राहिले. मग त्यांनी त्याला हाताला धरून कॅमेऱ्यापुढे बसवलं. कात्रीने काही हातचं राखलं नाही. "ती माझी मुलगी आहे. मी तिला आतल्या खोलीत ठेवलं. सही केली नाही. पाहुण्यांसमोर तिला शेजारची म्हटलं." एवढं बोलून तो हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी कार्यक्रम लागला. शर्यतीचे अकरा सेकंद. मग कात्रीचा चेहरा. "ती माझी मुलगी आहे," आणि लगेच रडणं. मधली तिन्ही वाक्यं गायब. त्याने स्वतः कापलं असतं, तर नेमकं तिथेच कापलं असतं.

त्याने साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "अहो, लोक जेवायला बसलेले असतात. त्यांना गुन्हेगार असल्यासारखं वाटायला लागलं, तर दुसरी वाहिनी लावतील. तुमचं नाव झालं, आणखी काय पाहिजे?"

नाव झालं होतं खरं. धन्य तो बाप. असा बाप प्रत्येक मुलीला मिळो. थोरलीने एका ओळीत कळवलं, की धाकटीने कार्यक्रम पाहिला. त्याचा फोन धाकटीने उचलला नाही. आजतागायत उचललेला नाही.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कात्री कामावर गेला नाही. बैठकीत फोन घेऊन बसला आणि हात जोडणाऱ्या एकेकाला उत्तर लिहायला लागला. 'मी तो बाप नाही. मी तिला आतल्या खोलीत लपवलं होतं. तुमच्या आतल्या खोलीत कोण आहे?' पन्नास लिहिली, शंभर लिहिली. काहींनी शिव्या घातल्या, बऱ्याच जणांनी आपले निरोप पुसून टाकले. साहेबांचे फोन येत राहिले, त्याने ते घेतले नाहीत. बायको म्हणाली, "वेड लागलंय का तुम्हाला?" तो लिहीतच राहिला.

दुपारी एका अनोळखी बाईचं उत्तर आलं. 'माझा मुलगा. नऊ वर्षांचा आहे. आत्ता पाहुणे बसलेत.'

कात्रीने लिहिलं, 'दार उघडा.'

बाईंनी ते वाचल्याची खूण आली. कात्रीने पुढचा निरोप उघडला.