कसब न लागणारं काम

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं मला लग्नात बजावलं होतं. मी घेते. भीमराव. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत ते ऑपरेटर होते. सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात 'कच्चा माल नाही' म्हणून कंपनीने प्लांट बंद केला आणि सगळ्या कामगारांना घरी बसवलं.

घरी बसवलं असं आपलं म्हणायचं. बसू कुठे देत होते? त्याला ले-ऑफ म्हणतात. कामावरून काढलेलं नाही आणि कामही दिलेलं नाही. कायद्याने अर्धा पगार मिळतो, पण त्यासाठी रोज सकाळी आठला गेटवर हजर राहून सही करायची. एक दिवस चुकला की त्या दिवसाचा हक्क गेला. ताप असो, घरात मयत असो, आधी सही. माणसं शहाडहून, उल्हासनगरहून शेअर रिक्षाने यायची, सही ठोकायची आणि उलट पावली परत जायची. पुढे रिक्षा परवडेना, तेव्हा चालत येऊ लागली.

आणि एवढं करून तो अर्धा पगार मिळत नव्हता. पहिल्या महिन्याचा मिळाला. मग साहेब मुंबईला गेले, मग परदेशात गेले, मग बँकेत काहीतरी अडकलं, मग साहेबांचे सासरे वारले. गेटवरचा टाइमकीपर दिनानाथ रोज एक नवं कारण काढायचा आणि तेही असं गोड बोलून की ऐकणाऱ्यालाच आपण भिकारी आहोत असं वाटावं.

"भीमराव, पैसे काय पळून चाललेत का? कंपनीकडेच आहेत. तुमच्या घरापेक्षा तिकडे सेफ आहेत."

आमच्या घरात भीमराव, मी आणि सासूबाई गयाबाई. मी उल्हासनगरच्या एका शेठकडून पिना आणायची, घरी बसून पुठ्ठ्याला लावायची. त्यात मीठ-मिरची भागायची. पीठ उधार यायचं. दुकानदाराला सांगून ठेवलं होतं की ले-ऑफचे पैसे आले की पहिले तुझे. तो आधी मान हलवायचा. नंतर नंतर तो आमच्याशी बोलता बोलता दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे बघायला लागला.

पावसाळा सरता सरता गेटवर बोर्ड लागला की थकलेले पैसे वाटणार. त्याच सकाळी दिनानाथने भीमराव धरून आठ जणांना बाजूला घेतलं. आठही जण आमच्या बुद्धविहारामागच्या वस्तीतले. कंपनी कुणाची जात विचारत नाही, हे खरं आहे. न विचारताच तिला बरोबर कळते.

मालकाचा दुसरा प्लांट नाल्याच्या पलीकडे होता. तिथे रंगाचं टाकाऊ पाणी साठवायची एक मोठी टाकी होती आणि तिच्यात वर्षानुवर्षांचा गाळ बसला होता. शिडीने आत उतरायचं, घमेल्याने गाळ काढायचा. दिनानाथ म्हणाला, "फुल पगार. आजपासून. काम सोपं आहे, कसब लागत नाही."

"मी ऑपरेटर आहे," भीमराव म्हणाले.

"म्हणून तर सांगतो. कायदाच तसा आहे. कंपनीने दुसरं काम दिलं, ज्याला कसब लागत नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ले-ऑफचा पैसा बंद. मागचा-पुढचा सगळा."

मागचा बंद होईल असं कायद्यात नव्हतं. पण गेटवर कायदा दिनानाथच वाचून दाखवायचा.

युनियनचा लीडर हिंदुराव तिथेच उभा होता. देशावरचा गडी, मिशीला पीळ, आवाज असा की दोन गल्ल्यांना ऐकू जावा. तो गरजला, "अजिबात जायचं नाय! आज तुमाला गटारात उतरवतील, उद्या आमाला. युनियन तुमच्या पाठीशी हाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आठही जणांनी नकार दिला.

घरी आल्यावर भीमरावांनी हे सांगितलं तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. माझे सासरे छप्पन सालाआधी गावचं मेलेलं ढोर ओढायचे. धर्म बदलला त्या दिवशी त्यांनी ते काम टाकलं ते टाकलंच. गावाने पाणी तोडलं, दुकान बंद केलं, तरी पुन्हा हात लावला नाही. सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या बापानं टाकलं ते तू उचललं नाहीस. उपाशी मरू, पण ते नको." माझीही मान ताठ झाली. ती आठवडाभर ताठ राहिली. उपाशी नक्की कुणी मरायचं, हे सासूबाई बोलल्या नव्हत्या. पण ताटं मीच वाढत होते, त्यामुळे मला ठाऊक होतं.

पुढच्या आठवड्यात पैसे वाटले. आठ जण सोडून सगळ्यांना. भीमराव हिंदुरावाकडे गेले. तो त्यांना खांद्याला धरून बाजूला घेऊन गेला. "हे बघा, बाकीच्यांचं अडकवून काय फायदा? त्यांचं तरी सुटू दे. तुमचं आपण स्वतंत्र लढू." त्या संध्याकाळी त्याच्या घरी सत्यनारायण होता. प्रसादाचा द्रोण त्याने आमच्याकडे आठवणीने पाठवला. मी तो शेजारच्या कोंबड्यांपुढे टाकला, आणि अजूनही मला त्याचं वाईट वाटत नाही.

सातांनी नाद सोडला. कुणी भिवंडीला मागावर गेला, कुणी गावी. भीमरावांनी मात्र कामगार ऑफिसात अर्ज केला. तिथल्या कारकुनाने त्यांना सांगितलं, "केस उभी आहे तोवर हजेरी चुकवू नका, आणि दुसरीकडे काम करू नका. केलंत तर ले-ऑफवर आहात हे म्हणताच येणार नाही." झालं. भीमराव रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर जायचे. दिनानाथ सही घ्यायचा आणि हसायचा. तारखेमागून तारीख पडत होती. कधी कामगार ऑफिसातले साहेब दौऱ्यावर, कधी कंपनीचा माणूस गैरहजर. इकडे शेठने पिना देणं बंद केलं, कारण माझ्यापेक्षा स्वस्तात लावणारी कुणीतरी त्याला मिळाली. मग एक दिवस सासूबाईंनी शेजारी जाऊन भाकरी मागितली आणि घरी येऊन खोटंच सांगितलं की त्यांनी हौसेने दिली.

दुसऱ्या दिवशी हिरामण आला. आमच्याच आळीतला, आता लेबर कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम झालेला. मी एकटीच होते.

"वहिनी, काम हाय. रोजचा रोज पैसा. बाया घेतोय."

"कुठे?"

त्याने नाल्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

मी त्याला शिव्या घातल्या नाहीत. घालायला हव्या होत्या असं कुणाला वाटत असेल तर त्याने चार दिवस पाण्यात मीठ कालवून पिऊन बघावं आणि मग बोलावं. मी विचारलं, किती वाजता यायचं.

टाकीत उतरल्यावर पहिल्यांदा डोळे जातात, मग नाक जातं, आणि दुपारपर्यंत कशाचंच काही वाटेनासं होतं. गाळ मांडीपर्यंत यायचा. वरून जांभळा, खाली काळा. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा मांडीपासून खाली मी जांभळी होते. दारातच सासूबाई म्हणाल्या, "तिथंच थांब. हात लावू नकोस कशाला. आधी आंघोळ कर." मी मोरीत गेले. सासऱ्यांनी ढोर टाकल्यानंतर आमच्या घरात कुणी कुणाला लांब उभं केलं नव्हतं. मी अंगावर पाणी ओतत होते आणि मला इतका राग आला की तांब्या भिंतीवर आपटला.

भीमरावांनी माझे पाय पाहिले. दुसऱ्या दिवशी कुठूनतरी बाटलीभर रॉकेल आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी पाय चोळत बसले, ते पाठ करून बसले. मी आणलेल्या पिठाची भाकरी मात्र तिघांनी खाल्ली. मला त्यांची कीव आली, आणि त्याच घासाला चीडही आली. सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून जुन्या गेटकडे निघायचे, मी नाल्याकडे. वळणापर्यंत आमचा रस्ता एकच होता, पण ते मुद्दाम पुढे चालायचे.

असे दोन महिने गेले. मग तारीख आली आणि या वेळी म्हणे नक्की निकाल. भीमराव म्हणाले, "तू पण चल. आज लागेल." त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. मी हिरामणकडे सुट्टी मागितली. मला वाटलं कटकट करेल. तो म्हणाला, "जा ना वहिनी, जायलाच पायजे. तुमचा रोज भरतो मी." एवढा चांगुलपणा बघून मला भरून आलं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलंसुद्धा की हिरामणला आपल्या माणसांची कदर आहे.

कामगार ऑफिसात साहेब टेबलामागे, कंपनीचा मॅनेजर खुर्चीवर आणि आम्ही बाकावर. भीमरावांनी सगळं नीट सांगितलं. त्यांना बोलता येतं. मी ऑपरेटर, बारा वर्षांची नोकरी, आठ माणसं एकाच वस्तीतली निवडली, हे अपमानाचं काम होतं, म्हणून नाकारलं. ते काम कुणालाच शोभणारं नाही, म्हणाले. साहेब मान हलवत होते. मी मनातल्या मनात दुकानदाराचं उधार फेडत होते.

मग मॅनेजर उठला. रागावलेला नव्हता. पोराला गणित समजावावं तसा बोलत होता.

"साहेब, हे म्हणतात काम अपमानाचं. पण तेच काम, त्याच टाकीत, यांच्या मिसेस दोन महिने करतायत. कुणी जबरदस्ती केली नाही. आनंदाने येतात. विचारा."

दार उघडून त्याने हिरामणला आत बोलावलं. हिरामण भिंतीला चिकटून उभा राहिला. "हो, येतात," एवढंच म्हणाला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"बाई, तुमचे पाय दाखवा," मॅनेजर म्हणाला.

मी पाय साडीत ओढून घेतले. तेवढंच पुरलं. साहेबांनी वाकून पाहिलं. रॉकेलने वरचा रंग गेला होता, नखांच्या कडेचा आणि भेगांतला गेला नव्हता. मला तेव्हा मरून जावंसं वाटलं, हे मी खोटं सांगत नाही.

साहेब भीमरावांना म्हणाले, "जे काम बायकोला चालतं ते तुम्हाला का चालत नाही?"

"साहेब, ती पोटासाठी गेली."

"मग कंपनीने तरी ते दुसऱ्या कशासाठी दिलं होतं?" मॅनेजर म्हणाला, आणि साहेबांना हसू आलं. त्यांनी ते रुमालाने पुसलं. मग म्हणाले, असं असेल तर काम अयोग्य होतं असं मला लिहिता येणार नाही. अर्ज संपला. जेवायची वेळ झाली होती, त्यांनी घड्याळ पाहिलं.

बाहेर आल्यावर हिरामणने मला गाठलं. भीमराव पुढे गेले होते.

"वहिनी, उद्यापासून येऊ नका. टाकीचं काम संपलं."

"अर्धी टाकी बाकी आहे, हिरामण."

"ऱ्हाऊ दे बाकी," तो म्हणाला. "मला सांगितलं तेवढंच मी केलं. माझी पण पोरं हायेत." माझ्या हातात त्या दिवसाचा रोज कोंबून तो निघून गेला. तेव्हा मला कळलं की तो आमच्या दारात का आला होता. मी कामाला लागले नव्हते, मला कामाला लावलं होतं.

घरापर्यंत मी वाट बघत होते की आता हे म्हणतील, तुझ्यामुळे गेलं. म्हणाले असते तर मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवणार होते, सगळं, भाकरीचं, रॉकेलचं, पुढे चालण्याचं. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. ते म्हणाले नाहीत. संध्याकाळी जेवले, हात धुतले. मग अंगातला इस्त्रीचा शर्ट काढून त्यांनी आईच्या हातात दिला. "ठेवून दे," म्हणाले. सासूबाई शर्ट धरून तशाच उभ्या राहिल्या.

भीमराव माझ्यासमोर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या पायांवर हात ठेवला.

"शालन," ते म्हणाले, "हिरामणला सांग, उद्यापासून मी पण येतो टाकीत. दोघं जाऊ. तू वर थांब, गाळ मी काढतो. तुला परत आत जाऊ द्यायचं नाही."

सासूबाईंनी 'नको' म्हटलं नाही. मी दोघांकडे बघितलं. एक क्षण वाटलं, आज नको सांगायला, आजची रात्र तरी यांना काम असू दे. पण सकाळी ते माझ्या आधी उठून, जुना शर्ट घालून दारात उभे राहिले असते, आणि हिरामणने त्यांना चारचौघांत परत पाठवलं असतं. म्हणून मी तेव्हाच सांगितलं.